हंगाममध्य आढावा (साखळी फुटबॉल)

साखळी पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या फुटबॉल स्पर्धेत सुमारे निम्मे सामने झाल्यावर प्रत्येक संघाच्या कामगिरीचे जे मूल्यमापन केले जाते, त्याला हंगाममध्य आढावा म्हणतात. संघाचे गुणतालिकेतील स्थान, हंगामापूर्वीची अपेक्षा, खेळाडूंच्या दुखापती, प्रशिक्षकाचे डावपेच आणि उरलेल्या सामन्यांचे स्वरूप हे त्याचे मुख्य विषय असतात. इंग्लंडमधील प्रीमियर लीगबाबत असे आढावे दरवर्षी नाताळ ते जानेवारीअखेर या काळात प्रसिद्ध होतात. भारतात इंडियन सुपर लीगमुळे (आयएसएल) ही प्रथा रुळली. महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने मुंबई सिटी एफसी हा तिचा सर्वांत जवळचा विषय आहे.

पार्श्वभूमी : अशा आढाव्याला साखळी स्पर्धेतच अर्थ असतो. बाद पद्धतीत हरलेला संघ बाहेर पडतो, त्यामुळे अर्ध्या वाटेवर तुलना करण्यासारखी तालिकाच तयार होत नाही. इंग्लिश फुटबॉल लीग 1888 मध्ये 12 संघांनिशी सुरू झाली. घरच्या आणि परक्या मैदानावर एकेक अशी दुहेरी साखळी असल्याने प्रत्येक संघाच्या वाट्याला 22 सामने आले. आयएसएलच्या 2023-24 च्या हंगामातही संघ 12 आणि सामने प्रत्येकी 22 हेच प्रमाण होते. प्रीमियर लीग 1992 मध्ये 22 संघांची होती. 1995-96 पासून ती 20 संघांची झाली आणि प्रत्येकाचे सामने 38 झाले. म्हणून तेथे 19 सामने हा मध्यबिंदू मानला जातो.

नियमांतील तीन बदलांनी आढाव्याचे स्वरूप ठरवले. समान गुणांच्या संघांसाठी 1976 पासून गोलसरासरीऐवजी गोलफरक पाहिला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये 1981 पासून विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. त्यामुळे बरोबरीची किंमत घटली आणि तालिकेत झपाट्याने वर-खाली होणे शक्य झाले. खेळाडूंच्या हस्तांतराला उन्हाळा आणि जानेवारी अशा दोनच मुदती ठेवण्याचा नियम 2002-03 पासून लागू झाला. तेव्हापासून हंगाममध्य आढाव्याला व्यवहारी महत्त्व आले, कारण संघात काय कमी आहे हे ठरवून ते भरून काढण्याची जानेवारीची मुदत ही शेवटची संधी असते.

निकष : केवळ गुण मोजणारा आढावा अपुरा मानला जातो. सर्व संघांचे सामने सारखे झालेले नसतात, म्हणून पहिली पायरी दर सामन्यामागील गुण काढण्याची. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांची ताकद आणि घरचे-परके सामने यांचा हिशेब येतो. पहिल्या टप्प्यात दुबळ्या संघांशी जास्त सामने झाले असतील, तर मिळालेले गुण फसवे असू शकतात.

गेल्या दशकात ‘अपेक्षित गोल’ किंवा एक्सजी हे मोजमाप रूढ झाले. प्रत्येक फटक्याला जागा, कोन आणि परिस्थिती यांवरून गोल होण्याची शक्यता दिली जाते आणि त्यांची बेरीज होते. पेनल्टीचे मूल्य साधारण पाऊण गोलाच्या आसपास धरले जाते, तर लांबून मारलेल्या फटक्याचे त्याच्या लहानशा अंशाएवढे. प्रत्यक्ष गोल अपेक्षित गोलांपेक्षा बरेच जास्त असतील, तर तो वेग टिकेलच असे नाही. पण निष्णात आघाडीवीर असलेल्या संघाच्या बाबतीत असा फरक बराच काळ टिकू शकतो. त्यामुळे हे मोजमाप एकटे वापरता येत नाही.

तिसरा निकष खेळाडूंच्या उपलब्धतेचा. दुखापती, निलंबन आणि देशाकडून खेळण्यासाठी जाणे यांमुळे डिसेंबर-जानेवारीत संघांची घडी विस्कटते. आफ्रिकी राष्ट्रांची करंडक स्पर्धा हंगामाच्या मध्यावर आल्यास इंग्लिश संघांचे आफ्रिकी खेळाडू काही आठवडे नसतात. आशियाई करंडकामुळे 2024 च्या जानेवारीत आयएसएलला महिनाभर विश्रांती द्यावी लागली.

इंग्लंडमधील उदाहरणे : लेस्टर सिटी 2014 च्या नाताळात तालिकेच्या तळाशी होता आणि तरीही खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. पुढच्याच नाताळात तो अग्रस्थानी होता. त्या 2015-16 च्या हंगामात 19 सामन्यांनंतर आर्सेनल आणि लेस्टर यांचे प्रत्येकी 39 गुण होते आणि गोलफरकावर आर्सेनल पुढे होता. शेवटी लेस्टर 81 गुणांसह विजेता झाला, आर्सेनल 71 वर थांबला. त्याच हंगामात गतविजेता चेल्सी डिसेंबरमध्ये सोळाव्या स्थानावर घसरला आणि 17 डिसेंबर 2015 रोजी व्यवस्थापक जोजे मोरिन्यो यांना पद सोडावे लागले.

आर्सेनलने 2022-23 मध्ये पहिल्या 19 सामन्यांत 50 गुण मिळवले. मँचेस्टर सिटीचे तेवढ्याच सामन्यांत 42 गुण होते. दुसऱ्या टप्प्यात सिटीने 47 आणि आर्सेनलने 34 गुण मिळवले, आणि विजेतेपद 89 विरुद्ध 84 अशा फरकाने सिटीकडे गेले. तळाशी असलेल्या संघांसाठी ‘40 गुण म्हणजे सुरक्षित’ हा ठोकताळा सांगितला जातो. मात्र 2002-03 मध्ये वेस्ट हॅम युनायटेड 42 गुण मिळवूनही खाली गेला.

आयएसएलमधील आढाव्याची वैशिष्ट्ये : आयएसएलमध्ये 2023-24 च्या हंगामात संघ खालच्या श्रेणीत जात नसे. त्यामुळे तळाच्या संघांची चर्चा इंग्लंडइतकी तीव्र नव्हती आणि लक्ष सहाव्या स्थानावर असे. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत आणि तिसरा ते सहावा संघ पात्रता सामन्यात, अशी रचना होती. 2023-24 मध्ये चेन्नईयिन एफसीने 22 सामन्यांत 27 गुणांवर सहावे स्थान मिळवले. तेव्हा या स्पर्धेत साखळीतील अव्वल संघाला लीग विनर्स शील्ड आणि बाद फेरीच्या विजेत्याला आयएसएल करंडक असे दोन मान होते. म्हणून हंगाममध्य आढाव्यात दोन वेगळे प्रश्न विचारावे लागत : सातत्य कोणाकडे आहे आणि मोजक्या निर्णायक सामन्यांसाठी कोण तयार आहे.

मुंबई सिटीच्या 2022-23 च्या हंगामात हा फरक स्पष्ट दिसला. डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली संघ पहिल्या 18 सामन्यांत अपराजित राहिला आणि दोन सामने शिल्लक असतानाच त्याने शील्ड निश्चित केले. 20 सामन्यांत 46 गुण आणि 54 गोल अशी ती कामगिरी होती. शील्डबद्दलचा मध्यावरचा अंदाज बरोबर ठरला. करंडकाच्या उपांत्य फेरीत मात्र बेंगळुरू एफसीने पेनल्टी फटक्यांवर मुंबईला बाहेर काढले.

2023-24 : एक अभ्यासयोग्य हंगाम. डिसेंबर 2023 अखेर लीग थांबली तेव्हा केरळ ब्लास्टर्स 12 सामन्यांत 26 गुणांसह अव्वल होता. मोहन बागान सुपर जायंट 10 सामन्यांत 19 गुणांवर होता आणि लागोपाठ तीन सामने हरला होता. तालिका पाहून केरळच्या विजेतेपदाची चर्चा होणे स्वाभाविक होते. दर सामन्यामागे गुण काढल्यास केरळचे 2.17 आणि मोहन बागानचे 1.90 येत होते. अंतर दिसते त्यापेक्षा कमी होते.

तालिकेत न दिसणाऱ्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरल्या. केरळचा कर्णधार आद्रियान लुना डिसेंबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता. त्यानंतरही केरळने मुंबई आणि मोहन बागान यांना हरवले, म्हणून त्याची उणीव लगेच जाणवली नाही. पण ज्या मुंबईला केरळने 24 डिसेंबरला कोचीत 2-0 असे हरवले, ती पूर्ण ताकदीची नव्हती. चार दिवस आधी, 20 डिसेंबरला, मुंबईने अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनामध्ये मोहन बागानला 2-1 असे नमवले होते. त्या सामन्यात एकूण सात लाल कार्डे निघाली, त्यांतील चार मुंबईच्या खेळाडूंना : आकाश मिश्रा, ग्रेग स्ट्युअर्ट, विक्रम प्रताप सिंग आणि राहुल भेके.

मोहन बागानने 3 जानेवारी 2024 रोजी हुआन फेरांदो यांना दूर करून अँतोनियो लोपेझ हाबास यांना आणले. उरलेल्या 12 सामन्यांत संघाने 29 गुण मिळवले. केरळला उरलेल्या 10 सामन्यांत सातच गुण मिळाले आणि तो 33 गुणांसह पाचवा आला. अंतिम तालिकेत मोहन बागान 48, मुंबई 47 आणि एफसी गोवा 45 गुणांवर होते.

मुंबईचा प्रवासही सरळ नव्हता. बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले. संघाने एएफसी चॅम्पियन्स लीगचे गटातील सहाही सामने गमावले होते. त्यांतील घरचे सामने पुण्यात बालेवाडीला झाले. स्ट्युअर्टने जानेवारीत संघ सोडला. या सर्व कारणांनी मध्यावरचे चित्र प्रतिकूल होते, तरी मुंबई शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत शील्डच्या शर्यतीत राहिली. 15 एप्रिल 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागानने 2-1 असा विजय मिळवून शील्ड घेतले. त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध 4 मे रोजी मुंबईने अंतिम सामना 3-1 असा जिंकून करंडक मिळवला. मुंबईसाठी होर्हे पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि हंगाम सुरू असताना संघात आलेला याकुब वोय्तुश यांनी गोल केले.

महाराष्ट्रातील अन्य साखळ्या : राज्यात फुटबॉलची सर्वांत दाट लोकपरंपरा कोल्हापुरात आहे. तेथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची वरिष्ठ गट साखळी स्पर्धा राजर्षी शाहू स्टेडियमवर होते. पाटाकडील तालीम मंडळ, श्री शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा आणि बालगोपाल या तालमींचे संघ तीत उतरतात. साखळीखेरीज बाद पद्धतीच्या चषक स्पर्धाही होतात आणि पेठांतील चुरस तेथे अधिक दिसते. त्यामुळे कोल्हापुरातील संघाचा आढावा साखळी आणि चषक दोन्ही मिळूनच घ्यावा लागतो. मुंबईला रोव्हर्स करंडक (1891) आणि हारवूड लीग यांचा जुना वारसा आहे. कबड्डीत प्रो कबड्डी लीगने 2014 पासून तालिका पाहण्याची सवय गावोगावी नेली. यू मुंबाने 2015 मध्ये आणि पुणेरी पलटणने 2024 च्या मार्चमध्ये तिचे विजेतेपद मिळवले.

कर्जत-खालापूर परिसर : रायगड जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या या दोन तालुक्यांत मैदानी खेळ म्हणजे मुख्यतः कबड्डी आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांवर आणि गावच्या मैदानांवर हिवाळा-उन्हाळ्यात सामने भरतात. ते सामान्यतः एक-दोन दिवसांत उरकणारे आणि बाद पद्धतीचे असतात. गावचा संघ पहिल्या फेरीत हरला की त्याची स्पर्धा संपते, पुढच्या महिन्यातील उलटफेराला वाव नसतो. साखळीचा दीर्घ हिशेब या भागात आला तो प्रामुख्याने दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरून दिसणाऱ्या व्यावसायिक लीगमधून.

सामन्यांच्या वेळाही येथील प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. हिवाळ्यात भारत ब्रिटनच्या साडेपाच तास पुढे असतो. त्यामुळे तेथील दुपारी 3 चा सामना रात्री 8.30 ला, सायंकाळी 5.30 चा रात्री 11 ला आणि आठवड्यातील रात्री 8 चा मध्यरात्रीनंतर 1.30 ला दिसतो. मुंबईला नोकरीसाठी पहाटेची लोकल पकडणाऱ्या किंवा खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांना शनिवार-रविवारचे लवकरचे सामनेच सोयीचे पडतात. मोजके सामने पाहणाऱ्याचे मत त्या मोजक्या सामन्यांवर बनण्याचा धोका असतो. चांगला हंगाममध्य आढावा ही उणीव भरून काढतो.

मुंबई सिटीचे मैदान अंधेरीला असल्याने कर्जतकरांना मध्य रेल्वेने दादरला उतरून पश्चिम रेल्वे गाठावी लागते, किंवा घाटकोपरहून मेट्रो. खोपोलीच्या प्रेक्षकाचा प्रवास पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या शाखामार्गाने आणखी लांबतो. रात्री 8 ला सुरू होणारा सामना दहाच्या सुमारास संपतो, तेव्हा परतीच्या गाडीचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवणे भाग असते.

मर्यादा : हंगाममध्य आढावा भाकीत म्हणून वारंवार चुकतो. जानेवारीतील खरेदी, प्रशिक्षकबदल, दुखापती आणि सामन्यांची गर्दी यांचा परिणाम पुढच्या टप्प्यातच दिसतो. दहा-बारा सामन्यांत योगायोगाचा वाटाही मोठा असतो : शेवटच्या मिनिटाचा गोल, पेनल्टीचा निर्णय किंवा गोलखांबाला लागून परतलेला चेंडू यांनी दोन-तीन स्थानांचा फरक पडतो. शिवाय अग्रस्थानी असलेल्या संघाच्या उणिवांकडे आणि तळाशी असलेल्या संघाच्या चांगल्या खेळाकडे दुर्लक्ष होते.

संघ कोठे आहे हे तालिका सांगते, तो तेथे का आहे हे आढाव्याने सांगावे लागते. 2023-24 च्या डिसेंबरमध्ये तालिकेत केरळ पुढे होता, पण लुनाची दुखापत, मुंबईचे निलंबित खेळाडू आणि मोहन बागानचे कमी झालेले सामने ही तीनही कारणे तेव्हाच उघड होती. ज्या आढाव्यात अशी कारणे नोंदलेली असतात, तोच हंगाम संपल्यावरही संदर्भ म्हणून उपयोगी पडतो.