मोट, मोटर आणि फुटबॉल

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरू लागलं की काठावरच्या गावांत एक काम हमखास निघतं: मोटर खाली न्यायची. सोलापूर जिल्ह्यातले करमाळा आणि माढा, पलीकडचं पुण्याचं इंदापूर, सगळीकडे तेच. पाणी जितकं मागे हटेल तितके पाईप आणि केबल पुढे सरकतात. चिखलात चारी खणून पाणी मोटरीपर्यंत आणायचं, काही दिवसांनी तेही हटलं की पुन्हा उचलाउचल. या सगळ्या खटाटोपात ‘विद्युत पंप’ हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. पाणी खेचणारा पंप आणि त्याला फिरवणारं यंत्र, दोन्ही मिळून ‘मोटर’. रस्त्यावर धावते ती मोटार आणि पाणी उपसते ती मोटर, फरक एका कान्याचा.

मोटर ही मोटेचीच पुढची पिढी, असं कोणालाही वाटावं. दोघी स्त्रीलिंगी, दोघींचं काम पाणी वर काढायचं, आणि एक गेली तिथेच दुसरी बसली. पण नात्याचा इथे संबंध नाही. मोटर आली लॅटिनमधून इंग्रजीमार्गे. मूळ अर्थ हलवणारा, गती देणारा. म्हणजे तिचं नाव कामावरून पडलं. मोट मात्र आकारावरून ओळखली जाते. मोट म्हणजे गाठोडंही. मोटळी ही तिचीच धाकटी. सोलापूरच्या शेजारच्या कन्नडमध्ये गाठोड्याला ‘मूटे’ म्हणतात, तर हिंदीत लहान गाठोड्याला चक्क ‘मोटरी’. आपल्याकडे मोटरी म्हटलं की नदीकाठी ओळीनं मांडलेले पंप डोळ्यांपुढे येतात!

निवडणूक आली की वर्तमानपत्रांत विरोधकांची मोट बांधली जाते, तीही ही गाठोड्याचीच. विहिरीवरच्या मोटेला वाहिन्यांच्या चर्चेत उगाच ओढलं जातं.

विहिरीवरची मोट म्हणजे कमावलेल्या कातड्याची मोठी पिशवी. वरचं तोंड रुंद आणि खाली निमुळती सोंड. जाड नाडा चाकावरून जाऊन बैलांच्या जूला बांधलेला, आणि सोंडेला वेगळी बारीक दोरी. मोट वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या पातळीत राहते, म्हणून पाणी सांडत नाही. बैल उतरत्या धावेच्या टोकाला पोचले की सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडात, पसरते आणि पाणी आपोआप भडाभडा ओतलं जातं. कोणाला हात लावावा लागत नाही. मग बैल मागे सरत वर यायचे आणि मोट पुन्हा खाली. मागे चालायला बैलाला शिकवणं हे मोटकऱ्याचं खरं कसब. एकाच माणसाकडून दिवसभर पाणी काढून घेणारी ही रचना कोणी पहिल्यांदा बसवली याची नोंद नाही, पण तो कारागीर मोठा होता यात शंका नाही.

उजनी धरण माढा तालुक्यात आहे आणि याच तालुक्यातलं अरण हे संत सावता माळ्यांचं गाव. तेराव्या शतकातल्या या माळ्याच्या अभंगात मोट आणि नाडा येतात ते देवाशी जोडूनच. शेतकऱ्याला मोट इतकी जवळची की विहीरही तिनेच मोजली जाई. साताऱ्याजवळ लिंब इथली अठराव्या शतकातली प्रसिद्ध विहीर ‘बारा मोटेची’ म्हणूनच ओळखली जाते: एका वेळी बारा मोटा चालतील एवढी. आता विहिरीवर किती एचपीची मोटर चालते असं विचारतात. गंमत अशी की मोट ओढली बैलांनी, आणि मोटरीची ताकद मोजायची घोड्यांत. जेम्स वॉटने वाफेचं यंत्र विकताना घोड्यांशी तुलना केली, आणि जिथे घोड्याने कधी मोट ओढली नाही तिथलाही शेतकरी पाच घोड्यांची मोटर मागू लागला.

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. जुनी गावं पाण्याखाली गेली, त्यांच्या मोटेच्या विहिरीही गेल्या. काठावर ऊस आला, कंदर गावाकडे केळी आली. पाणी तळातून वर काढायचं होतं ते आता जलाशयातून मैलभर लांब ढकलायचं झालं, आणि ते मोटेला जमणारं नव्हतं. धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून इथला शेतकरी पाणी मृतसाठ्याच्या वर, म्हणजे ‘प्लस’ आहे, की खाली, म्हणजे ‘मायनस’, हे विचारतो. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं, तेव्हा पळसदेवचं पुरातन मंदिर उघडं पडलं आणि मोटरी थेट नदीच्या जुन्या पात्रात उतरल्या.

मोट गेली तरी तिच्या भागांची नावं भलत्याच ठिकाणी जगली. थारोळं विहिरीवर राहिलं नाही. गुन्ह्याच्या बातम्यांत मात्र रोज कोणीतरी रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असतो. उलट मोटरीने आपले शब्द नव्याने घडवले. पाण्यात सोडलेल्या पाईपच्या टोकाला एक झडप असते, आत आलेलं पाणी मागे न जाऊ देणारी. इंग्रजीत ती फूट व्हॉल्व्ह. गावात तिला सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, आणि तो पाण्याबाहेर उघडा पडला की मोटर हवा खेचते. मराठी कोश नव्याने करणाऱ्यांनी फुटबॉलचा हा दुसरा अर्थ जरूर नोंदवावा.