हिमरू

सुती ताणा आणि रेशमी बाणा यांतून हातमागावर विणले जाणारे नक्षीदार कापड. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे त्याचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र. ‘सारखे’ अशा अर्थाच्या फार्सी शब्दावरून हे नाव आल्याचे मानतात. जरीच्या किनखापासारखे दिसणारे, पण स्वस्त कापड असा त्याचा रोख. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा विणकर दख्खनेत आले, अशी परंपरा आहे.

विणकाम : हिमरू खड्डामागावर विणतात. नक्षीचा जादा बाणा उलट बाजूला सैल सुटून मऊ थर तयार होतो, त्यामुळे थोड्या रेशमात रेशमी स्पर्श मिळतो. वेली, फुले व फळे हे नेहमीचे आकृतिबंध. शेरवानी व शालीसाठी हे कापड वापरले जाई.

पर्यावरण : हातमागाला वीज लागत नाही आणि सूत व रेशीम दोन्ही कुजतात. पॉलिस्टर कुजत नाही, शिवाय धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. तरी केवळ हातमागावर विणले म्हणून कापड निर्दोष ठरत नाही. मराठवाडा-विदर्भातील कापूस बहुतांशी कोरडवाहू असल्याने त्याला सिंचनाचे पाणी कमी लागते. परंतु फवारणीचा धोका मोठा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. रेशमाऐवजी वापरात आलेला कृत्रिम रेशमाचा धागा लाकडाच्या लगद्यापासून रसायनांच्या साहाय्याने बनतो, आणि रंगाईचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडल्यास नदी-विहिरी दूषित होतात.

विणकर : निजामी राजवट १९४८ मध्ये संपली आणि दरबारी आश्रय गेला. नंतर यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेने हातमागाची बाजारपेठ आक्रसली. आता दौलताबाद, खुलताबाद व वेरूळच्या वाटेवरील पर्यटक हे हिमरूचे महत्त्वाचे गिऱ्हाईक. नक्षीच्या विणकामात वेळ फार जातो. यंत्रमागाच्या भावाने विकले तर मजुरी सुटत नाही आणि पुढची पिढी मागावर बसत नाही.

संरक्षण : ठराविक वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा केंद्रीय कायदा १९८५ मध्ये झाला. हातमागाचे कापड ओळखता यावे म्हणून ‘हँडलूम मार्क’ २००६ मध्ये सुरू झाला. मात्र हा मार्क केवळ हातमागाची ग्वाही देतो. कापूस, रंग व मजुरी यांची चौकशी गिऱ्हाइकाला वेगळी करावी लागते.