भिगवण संधिवात पाहणी

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेली लोकसंख्याधारित आरोग्य पाहणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने १९८१ मध्ये आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा ती भाग होती. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा यांनी तिचे नेतृत्व केले. रुग्णालयांच्या नोंदींत तेथवर पोहोचलेलेच रुग्ण दिसतात. म्हणून येथे घरोघरी प्रश्नावली भरून घेऊन दुखणे सांगणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांच्या तक्रारी होत्या. ऱ्हुमॅटॉइड संधिवात सुमारे ०.५ टक्के लोकांत आढळला.

हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. वेळीच उपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. मेथोट्रेक्झेट हे मुख्य औषध तुलनेने स्वस्त असले, तरी त्यासाठी अचूक निदान व नियमित रक्ततपासणी लागते. संधिवाततज्ज्ञ मुख्यतः शहरांत असल्याने प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे ग्रामीण रुग्णांचे उपचार लांबतात किंवा खंडित होतात. अनेकजण केवळ वेदनाशामक गोळ्यांवर भागवतात. महागडी जैविक औषधे तर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहतात.