दादांची कढई आणि इस्तंबूलचा हलवाई

आमच्या माळ्यावर तांब्याची एक कढई आहे. ती उचलायला दोन माणसं लागतात. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, तालुक्याच्या गावी हलवाई होते. उरुसाला आणि जत्रेला रेवड्या-बत्तासे, संक्रांतीला काटेरी हलवा, पाडव्याला साखरेच्या गाठी. अर्ध्या गावाच्या गुढ्यांना लागणाऱ्या गाठी आमच्या भट्टीवर ओतल्या जात आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे.

हे दुकान केव्हा सुरू झालं, असं अब्बांना विचारलं तर ते म्हणतात, "फार जुनं." फुपी म्हणतात, "दादांच्या अब्बांनी काढलं." यापलीकडे काही नाही. ना पावती, ना वही, ना एखादा फोटो. दुकान बंद झालं त्या वर्षी गाठींचे लाकडी साचे पाणी तापवायच्या बंबात गेले. कढई वाचली, कारण ती बंबात मावत नव्हती.

म्हणून इस्तंबूलच्या हाजी बेकिर या हलवायाबद्दल वाचताना मला कौतुकाइतकाच हेवाही वाटला. त्यांचं दुकान १७७७ साली सुरू झालं आणि ते आजही उघडं आहे.

१७७७ म्हणजे नेमका कोणता काळ? आपल्याकडे पुण्यात सवाई माधवराव हे तीन वर्षांचं मूल पेशवेपदावर होतं आणि इंग्रजांशी पहिलं युद्ध सुरू होतं. म्हैसूरवर हैदरअलीची सत्ता होती. तिकडे उस्मानी तख्तावर सुलतान अब्दुल हमीद पहिला होता. त्या वर्षी अनातोलियातल्या कास्तामोनू भागातल्या आराच गावचा बेकिर नावाचा माणूस राजधानीत आला आणि त्याने बाहचेकापी भागात मिठाईचं दुकान टाकलं. बाहचे म्हणजे आपला बगीचा, कापी म्हणजे दरवाजा. पुढे हज करून आल्यावर बेकिर एफेंदीचे हाजी बेकिर झाले. पेठेच्या वर्दळीतलं ते दुकान पुढे घराण्याची ओळख बनलं.

त्यांचं नाव ज्या मिठाईशी जोडलं गेलं ती म्हणजे लोकुम. इंग्रजांनी तिला टर्किश डिलाइट म्हटलं. तिचं जुनं नाव आपल्या जास्त जवळचं आहे : राहत-उल-हुलकूम, म्हणजे घशाला आराम. 'राहत' आणि 'हलक' हे शब्द दखनी बोलणाऱ्या घरांना समजावून सांगावे लागत नाहीत.

कृती सांगायला सोपी, करायला अवघड. साखरेचा पाक करायचा, त्यात पाण्यात कालवलेलं स्टार्च घालायचं आणि पाकाची साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून थोडा आंबट क्षार. मग मंद आचेवर तास-दोन तास सतत घोटत राहायचं. हात थांबला की बूड लागलं. मिश्रण चकचकीत आणि चिवट झालं की गुलाब किंवा मस्तकीचा वास द्यायचा, पिस्ते घालायचे, स्टार्च भुरभुरलेल्या लाकडी ताटात ओतायचं. एक दिवस ते तसंच निवू द्यायचं, दुसऱ्या दिवशी वड्या कापून पिठीसाखरेत घोळवायच्या. मुंबईचा कराची हलवा ज्यांनी घोटला आहे त्यांचे खांदे हे वाचूनच दुखतील. तिथेही स्टार्च, साखर आणि न थांबणारा हात यांचंच काम असतं.

आता एक अडचणीचा मुद्दा. लोकुमचा शोध हाजी बेकिर यांनीच लावला, असं घराणं सांगतं. पूर्वी मध किंवा द्राक्षाची काकवी आणि पीठ वापरत. बेकिर यांनी त्याऐवजी शुद्ध साखर आणि स्टार्च आणलं, अशी ती कथा आहे. मिठाईचा अभ्यास करणारे काही इतिहासकार हे मान्य करत नाहीत. अशा प्रकारचे पदार्थ आधीपासून होते, असं ते म्हणतात. आणि त्यात तथ्य आहे. १०व्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राकने जो पाकग्रंथ लिहिला, त्यात स्टार्च आणि मध किंवा साखर शिजवून केलेल्या 'फालूधज'च्या कृती आहेत. शब्द ओळखीचा वाटतो ना? आपला फालुदा त्याच घराण्यातला.

मग हाजी बेकिर यांचं मोठेपण कमी होतं का? मला तसं वाटत नाही. पदार्थ एका माणसाच्या डोक्यातून सहसा जन्मत नाही. तो हजार हातांतून घोटला जातो. पण एखादा माणूस तो नीट करतो, रोज तसाच करतो, आणि पुढच्या पिढीला तसाच करायला शिकवतो. शोध लावण्यापेक्षा हे सोपं नाही.

साखरेबद्दलही एक गोष्ट लपवू नये. १८व्या शतकात मार्सेलचे व्यापारी कॅरिबियन बेटांवरची साखर उस्मानी बंदरांत आणून विकत. ती साखर गुलामांच्या श्रमातून निघत होती. त्या काळच्या गोडव्याचा इतिहास लिहायचा तर हे कडू पानही त्यात लावावं लागतं. आपल्या बाजूची पानं तेवढी गोड, असं म्हणून चालत नाही.

सुलतान महमूद दुसरा याच्या काळात हाजी बेकिर राजवाड्याचे मुख्य मिठाईकार झाले. याच सुलतानाने १८२६ साली जानिसारी ही जुनी फौज मोडून काढली. या फौजेशी एक मिठाई बांधलेली होती : अकिदे शेकेरी, म्हणजे पाकाच्या रंगीत खडीगोळ्या. दर तिमाहीला पगार वाटला जाई, तेव्हा जानिसारी शिपाई वजीर आणि अधिकाऱ्यांना या गोळ्या देत. आमची निष्ठा कायम आहे, असा त्याचा अर्थ. 'अकिदे' म्हणजे आपला अकीदा. गोळी आली नाही तर दरबाराने सावध व्हावं! फौज गेली, वजीर गेले, गोळी मात्र आजही दुकानात काचेच्या बरणीत विकायला आहे.

हाजी बेकिर यांच्यानंतर मुलगा मेहमद मुहियिद्दीन आणि मग नातू अली मुहियिद्दीन यांनी दुकान चालवलं. १८७३च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात घराण्याच्या मिठाईला पदक मिळालं. माल्टाचा चित्रकार अमादेओ प्रेझिओसी इस्तंबूलमध्ये राहत असे. त्याने या दुकानाचं जलरंगातलं चित्र काढलं. नातवाच्या काळात कैरो आणि अलेक्झांड्रियातही शाखा निघाल्या. हा नातू १९५०-५१ मध्ये फेनरबाहचे या नामवंत फुटबॉल क्लबचा अध्यक्षही होता. म्हणजे गावात हलवायाला मान होता.

या सगळ्या काळात भोवतालचं जग उलटंपालटं झालं. १९२२ साली सल्तनत गेली, १९२३ साली प्रजासत्ताक आलं. १९२८ साली लिपी बदलली. आधीच्या पाट्या नव्या पिढीला वाचता येईनात. १९३४ साली एफेंदी, पाशा, हाफिज, हाजी अशा उपाध्या कायद्याने रद्द झाल्या. दुकानाचं नाव मात्र हाजी बेकिरच राहिलं. तोवर 'हाजी' ही उपाधी उरली नव्हती, ती एका चवीची खूण झाली होती. जे नाव सुलतानाने मोठं केलं, ते सुलतान गेल्यावर गिऱ्हाइकांनी टिकवलं. रमजान ईदला तिथे शेकेर बायराम, म्हणजे साखरेचा सण असंही म्हणतात. ज्या समाजात ईदचं नावच साखरेवर आहे, तिथे हलवायाला राजाश्रयाची तितकी गरज उरत नाही.

मी हे का लिहितो आहे? मराठीत मुस्लिमांच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणं तख्त आणि तलवार यांच्यावर जातं. कुणी बादशहांचा हिशोब मागतं, आपण बादशहांचा हिशोब देत बसतो. पण माझ्या घराण्यात एकही बादशहा झाला नाही. तुमच्याही बहुधा नसेल. आपले पूर्वज हलवाई होते, बागवान होते, आतार होते, पिंजारी होते, मणियार होते. गावाचा सण आणि गावाचं लग्न त्यांच्या हातच्या वस्तूशिवाय पुरं होत नव्हतं. गुढीवरची गाठ कुणाच्या भट्टीवर ओतली गेली, हाही या मातीचा इतिहास आहे. तो आपण लिहिला नाही. मग आपण इथले कोण, असं कुणी विचारलं की आपल्याकडे दाखवायला कागद नसतो, नुसती कढई असते.

हाजी बेकिर यांच्या घराण्याने पाटी, पदक, चित्र, सन सगळं जपलं. त्यांच्या काही दाव्यांवर इतिहासकार वाद घालतात, हेही एक भाग्यच आहे. वाद घालायला आधी काहीतरी नोंदलेलं असावं लागतं.

गेल्या महिन्यात मी वही घेऊन फुपींजवळ बसलो. आधी त्या हसल्या, "हलवायाचं काय लिहितोस रे?" मग बोलू लागल्या. पाकात दूध टाकून मळी कशी वर आणायची, साच्यात सुती दोरा आधी कसा घालायचा, पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस घरात कुणी झोपत कसं नसे. शेवटी म्हणाल्या, दादा पहिली उतरलेली गाठ विकत नसत. ती शेजारच्या घरी जायची, त्यांच्या गुढीसाठी. तिचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि त्या घराने ईदला दूध पाठवायचं कधी चुकवलं नाही.

वहीची अकरा पानं भरली आहेत. फुपींचं वय ब्याऐंशी. तुमच्या घरात अशी कुणी फुपी, खाला, नानी असेल, तर या रविवारी वही घेऊन बसा.