परतूर ते पानिपत : पर्यायी काळ आणि कार्यकारणभाव

जालना जिल्ह्यातील परतूर हे आज तालुक्याचे गाव आहे. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरचा विजय मिळाल्यानंतर पेशव्यांची छावणी तेथे होती. दत्ताजी शिंदे पडल्याचे वृत्त आले, उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व कोणाकडे द्यावे याचा खल झाला आणि मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ व विश्वासराव यांनी तेथून कूच केले. पानिपताचा निकाल उलटवून पाहणारी मराठीतील सर्वपरिचित कथा मात्र या स्थळाला वळसा घालून जाते.

जयंत नारळीकर (1938–2025) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अपघाताच्या क्षणी दुसऱ्या कालप्रवाहात जातात. तेथे मराठे जिंकलेले आहेत. दोन्ही प्रवाह कोठे फुटले याचा शोध त्यांना भाऊसाहेबांच्या बखरीत लागतो : विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात हुकलेली असते. कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त आणि क्वान्टम सिद्धान्तातील अनिश्चितता यांच्या आधारे या भेदाची संगती लावली जाते. गणिती दृष्टीने ही योजना निर्दोष वाटते. वाङ्मयीन दृष्टीने ती बखरीवर थोडा अन्याय करते.

कारण बखरीची कार्यकारणसाखळी गोळीपाशी सुरू होत नाही. 1754 च्या कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले जातात, सूरजमलाच्या प्रश्नावर शिंदे-होळकरांत वितुष्ट येते, पुढे नजीबखान राखावा असा सल्ला मल्हारराव देतात. अशा मानापमानांच्या गाठींतून बखरकार पानिपतापर्यंत येतो. त्याला शेवट ठाऊक आहे. त्याची पात्रे कित्येकदा तो शेवट जाणूनच बोलल्यासारखी वाटतात. एका अर्थी बखर हाच भविष्यातून भूतकाळाकडे केलेला प्रवास होय. नारळीकरांनी त्या साखळीचा फक्त अखेरचा दुवा बदलला, आधीची वैरे जशीच्या तशी राहू दिली.

ही अडचण केवळ विज्ञानकथेची नाही. लढतीच्या व्हिडिओ-खेळांतही ती दिसते. 2011 च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावरचा रेडन आपल्याच पूर्वरूपाला भविष्याची सूचना पाठवतो. पूर्वरूप तिचा चुकीचा अर्थ लावते. सब-झिरोला मारू नये म्हणून स्कॉर्पिअनची समजूत घातली जाते, तरी चिथावणी मिळताच तो त्याला मारतोच. काळ बदलला, वैर बदलले नाही. (खेळाला गंभीर वाङ्मयाच्या पंक्तीला बसवणे काहींना रुचणार नाही; प्रश्न मात्र एकच आहे.)

फाटा परतूरला काढला असता तर कथा अधिक अवघड झाली असती, आणि बहुधा अधिक खरी. गोळी हुकणे ही यदृच्छा आहे. भाऊंची निवड हा माणसांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. निकालाचा भार एका गोळीवर टाकला की त्या निर्णयाची आणि फौजेबरोबर निघालेल्या यात्रेकरू-कुटुंबकबिल्याची झडती घेण्याचे कारण उरत नाही. विश्वासराव वाचले असते, तरी अब्दालीने तोडलेली रसद 14 जानेवारी 1761 च्या सकाळी तुटलेलीच असती.