इशीचा बाण

इतिहास राजांच्या तलवारी मोजतो, बाणाला पीस बांधणारे हात मोजत नाही. म्हणून मी इशीवर लिहितोय.

कॅलिफोर्नियात 1848 ला सोनं सापडलं. पुढच्या वीसेक वर्षांत गोऱ्यांनी याही जमात गोळ्या घालून जवळजवळ संपवली. उरलेला एक जण 1911 मध्ये ओरोव्हिलला उपाशी सापडला. नाव सांगेना. प्रोफेसर क्रोबरनं ‘इशी’ नाव दिलं. त्याच्या भाषेत अर्थ, माणूस. आणि ठेवला कुठं? म्युझियममध्ये!

तिथं तो बाण करायचा. काठी शेकून सरळ करायची. पीस मधोमध चिरायचं, अशी तीन पिसं हरणाच्या स्नायूच्या तातीनं बांधायची. तात आधी तोंडात चावून मऊ करायची. वाळली की स्वतःच आवळते. पीस झडलं तर तात भिजवून सोडवता येते, काठी तीच राहते. बाटलीच्या काचेचंसुद्धा पातं करी. याला कारागिरी नाही तर काय म्हणायचं?

सॅक्सटन पोप नावाचा डॉक्टर हे सगळं त्याच्याकडून शिकला, 1923 मध्ये पुस्तक काढलं. धनुष्यानं शिकार करणाऱ्यांच्या अमेरिकन क्लबाला आज नाव पोपचं आहे. इशी 1916 ला क्षयानं गेला. एकलव्य शिष्य होता, त्याचा अंगठा घेतला. या गुरूचा मेंदूच काढून वॉशिंग्टनला धाडला. कॅलिफोर्नियातल्या आदिवासींनी तो 2000 मध्ये परत मिळवला आणि पुरला. कुठं, ते त्यांनी बाहेर सांगितलं नाही.