औटकीचा पाढा आणि नवी मुंबईची जमीन

आजच्या भागाची सुरुवात एका पाढ्याने करतो. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा... ओळखलात? हा औटकीचा पाढा. औट म्हणजे साडेतीन. माझ्या आजीला तो झोपेतून उठवलं तरी म्हणता यायचा, मला मात्र फक्त नावाने माहीत होता. आणि नवी मुंबईच्या जमिनीचा इतिहास वाचताना तोच पाढा अचानक समोर आला, तोही एका सरकारी योजनेच्या हिशेबात.

आधी थोडं मागे जाऊ. पंतोजींच्या शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकायची. आज आपल्याला वाटतं, काय हा छळ! पण त्या वेळचा व्यवहारच पाव-अर्ध्याचा होता. रुपयाचे सोळा आणे, एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे पुन्हा सोळा आणे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढच्या वर्षापासून किलो आणि मीटर आले, आणि हे पाढे हळूहळू अंकलिपीच्या मागच्या पानांवर गेले. दशमान पद्धत सोयीचीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक झालं. गावातला हिशेब आणि शाळेतला हिशेब यांची भाषा वेगळी झाली.

आता खाडीवर या. नवी मुंबईतले कोळीवाडे शहराच्या आधीचे. दिवाळे घ्या, सारसोळे घ्या. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या सुमारास. घड्याळ आणि पंचांग यांच्यामध्ये पाऊणकीचा पाढा, बस्स.

पण गंमत पुढे आहे. पौर्णिमेला हा हिशेब लावा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि पौर्णिमेची भरती तर बाराच्या आसपास येते! मग मधला पाऊण तास गेला कुठे? पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. तासाचा चार पंचमांश भाग. पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. रोज तीन मिनिटांची चूक, पंधरवड्यात पंचेचाळीस. मग लोकांनी चार पंचमांश का नाही घेतला? माझा अंदाज असा की त्याचा पाढा कुणाला येत नव्हता, पाऊणकी सगळ्यांना येत होती. आणि होडी काढायला तेवढी अचूकता पुरत होती. सातवीच्या वर्गाला अपूर्णांक, गुणोत्तर आणि चुकीचा अंदाज एकदम शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आता जमीन. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. भातशेती, मिठागरं, खाडीकाठ, सगळं. मोबदल्यावरून असंतोष साचत गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे नव्वदच्या दशकात जी योजना आकाराला आली तिला आजही सगळे ‘साडेबारा टक्के’ म्हणतात. म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत.

साडेबारा टक्के म्हणजे काय? एक अष्टमांश. जुन्या माणसाच्या भाषेत, रुपयात दोन आणे. एक एकर गेला तर चाळीस गुंठ्यांचे पाच गुंठे. पण त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वगळले जातात आणि हातात पावणेनऊ टक्के येतात. पाच गुंठ्यांतून दीड गेले. उरले किती?

साडेतीन. औट गुंठे.

म्हणजे दोन एकर गेले की सात, तीन गेले की साडेदहा, चार गेले की चौदा. आजीचा पाढा जसाच्या तसा! त्यावर दीड एफएसआय मिळतो, तेव्हा पुढचा हिशेब दिडकीचा: औटाची दीडपट सव्वापाच. कागदावर हे ८.७५ टक्के, ३५४ चौरस मीटर असं दिसतं आणि कुणाला पटकन काही कळत नाही. ज्याच्या घरात हिशेब करणारं कुणी होतं, तो कागद वाचून प्रश्न विचारू शकला. ज्याच्या घरात नव्हतं, त्याच्यासाठी हिशेब दुसऱ्याने केला.

परिसरातून शिकवा, हे म्हणणं तसं नवीन नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत मोडी वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं अशी मागणी होती. वर्ध्याला १९३७ च्या परिषदेत नई तालीम मांडली गेली. ताराबाई मोडकांनी तर कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. मोजायला शिंपले, बिया, पानं. जगाच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलच्या रेसिफे शहरात, रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला: बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर, तीच गणितं कागदावर मांडून दिली तर जेमतेम ३७ टक्के. आणि आपल्या वाशीच्या पुलापलीकडे, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीतल्या कामकरी घरांतल्या मुलांच्या गणिताचा असाच अभ्यास केला आहे.

इथे एक धोका आहे, तो सांगतो. परिसराचं गणित म्हणजे भाजीचा भाव आणि मासळीचे वाटे, इतकंच होऊन बसतं. मग कोळीवाड्यातलं पोर वजनकाट्यावर अडकतं आणि दुसऱ्या शाळेतलं पोर बीजगणिताला लागतं. हे मला मान्य नाही. भरतीचं उदाहरण बघा ना, ते थेट चंद्राच्या गतीपर्यंत जातं.

शिक्षक ऐकत असतील तर एक करून बघा. मुलांना घरून सातबारा आणायला सांगू नका. नवी मुंबईत निम्मा वर्ग भाड्याच्या घरातला असू शकतो, त्यांच्याकडे सातबारा कुठून येणार? त्यापेक्षा ओळखीची, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी असलेली एखादी इमारत घ्या. भूखंडाचं क्षेत्रफळ शोधा किंवा पावलांनी मोजा. मग उलटा हिशेब: ८० ने गुणा, ७ ने भागा. भूखंड २१० चौरस मीटरचा असेल तर उत्तर येईल २४०० चौरस मीटर, म्हणजे साधारण पावणेचोवीस गुंठे. एवढं शेत या भूखंडाच्या बदल्यात गेलं. कुणाचं होतं, त्यात काय पिकायचं, हे मग गावठाणात जाऊन विचारायचं.